घरच्यांनी स्वीकारलं, हे कादंबरीत दाखवायचं कसं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर आणखी कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. तू 23 वर्षांची, सांगलीची, आणि ही तुझी पहिलीच कादंबरी. नायिका बारावीत, वय 17. ओठांच्या कडेला आणि बोटांच्या टोकांना कोड. सायकलवरून जाताना चेहऱ्याला घट्ट स्कार्फ. 2019च्या ऑगस्टच्या सुरुवातीला कृष्णेचं पाणी चढत असताना आयर्विन पुलावर तिची एका मुलाशी ओळख होते, जीव जडतो, घरी कळतं, आणि शेवटच्या दोन प्रकरणांत सगळे तिला स्वीकारतात. एका प्रकाशकाने ‘शेवट पटत नाही’ एवढं एक वाक्य लिहून हस्तलिखित परत पाठवलं. आता तू विचारतेस की शेवट दुःखी करू का, तिचं कोड बरं झालं असं दाखवू का, की मुलाच्या आईने तिला सून म्हणून पसंत केलं इथवर गोष्ट नेऊ.

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’च म्हणते. गेली 22 वर्षं मी कादंबऱ्यांची हस्तलिखितं तपासते आहे, आणि त्यांत पहिली पुस्तकंच जास्त. तुझं हस्तलिखित मी दोनदा वाचलं. तुझे तिन्ही शेवट नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे. शेवट तुझ्या अकराव्या प्रकरणात आधीच लपलेला आहे. तो तुला दिसलेला नाही, एवढंच.

अकराव्या प्रकरणात संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. काकू एकेकीला हळद लावते, कुंकू लावते, तिळगूळ देते, वाण देते. नायिकेपाशी येते आणि करंडा तिच्यापुढे धरते. ‘घे गं, तूच लाव.’ नायिका पांढऱ्या टोकाच्या बोटाने कुंकू घेते, कपाळाला टेकवते. काकू पुढच्या बाईकडे वळण्याआधी करंड्याची कड पदराने पुसते. इथे मी वाचायची थांबले. पाच ओळींचा प्रसंग आहे, कुणी कुणाला टाकून बोलत नाही, घरातल्या बाकीच्यांच्या लक्षातही येत नाही, आणि त्या मुलीला रोज काय सोसावं लागतं ते सगळं त्यात आलं आहे. हे तुला कुणी शिकवलेलं नाही. तू ते कुठेतरी पाहिलं आहेस.

आणि हीच काकू पंधराव्या प्रकरणात दीड पान बोलते. आम्ही तुझ्यावर अन्याय केला, आम्हाला माफ कर, तू जशी आहेस तशी आम्हाला हवी आहेस. डोळ्यांत पाणी, मिठी. अगं, आपल्याकडे कुठली काकू पुतणीशी असं बोलते? आपल्या घरांत मोठी माणसं लहानांची माफी मागत नाहीत. चूक उमगली तर न विचारता एक पोळी जास्त वाढतात, परीक्षेला निघालेल्या मुलीच्या हातात रिक्षाचे पैसे कोंबतात, ‘उन्हाची जाऊ नको’ म्हणतात. घरातला दुजाभाव हातांतून दिसला, तर स्वीकारही हातांतूनच दिसायला हवा. ज्या हाताने करंडा पुढे केला, त्या हाताचं पुढे काय झालं, एवढंच वाचकाला बघायचं आहे. ते दीड पान काढून टाक. एक वाक्यही ठेवू नकोस.

दुःखी शेवटाबद्दल मला जरा विस्ताराने बोलू दे, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. साधारण 15 वर्षांपूर्वी एका नवोदित लेखकाला मी त्याच्या अशाच प्रेमकथेचा शेवट बदलायला लावला. म्हटलं, असं प्रेम आपल्याकडे टिकत नाही, वास्तव लिही. त्याने बिचाऱ्याने ऐकलं. पुस्तक आल्यावर अकरावीतल्या एका मुलीचं पत्र आलं. नायिकेला जे व्यंग होतं तेच तिला होतं. आपल्याही वाट्याला हेच येणार का, एवढंच तिने विचारलं होतं. मी तिला उत्तर लिहिलं, पण ते पत्र माझ्या मनातून गेलेलं नाही. सोळा-सतराव्या वर्षी माणूस कादंबरी भविष्य वाचावं तशी वाचतो. पुढे काय होऊ शकतं, हे त्याला त्यातून कळून घ्यायचं असतं.

हा झगडा आपल्याच भाषेत आहे असं नाही. अमेरिकेत 1969 साली जॉन डोनोव्हन यांची दोन शाळकरी मुलग्यांमधल्या ओढीवरची किशोर कादंबरी आली. तिथे किशोरांसाठीच्या पुस्तकात हा विषय पहिल्यांदाच येत होता. त्यात त्या दोघांमध्ये जवळीक होते, त्यानंतर नायकाचा लाडका कुत्रा गाडीखाली सापडतो, आणि आपण जे केलं त्याचीच ही शिक्षा असं त्या पोराच्या मनात बसतं. पुढची कित्येक वर्षं अशा गोष्टींमध्ये कुणी ना कुणी मरायचं, अपघात व्हायचे, ताटातूट व्हायची. मग 1982मध्ये नॅन्सी गार्डन यांची ‘अ‍ॅनी ऑन माय माइंड’ आली. न्यूयॉर्कमधल्या 17 वर्षांच्या दोन मुली. त्यांचं प्रेम उघडकीला येतं, शाळेत चौकशी बसते, त्यात दोन शिक्षिकांची नोकरीही जाते. सगळं जग काही बदलत नाही. पण शेवटी एक मुलगी दुसरीला फोन करते. शेवट म्हणजे तो एक फोन. त्या फोनसाठी ते पुस्तक लाखमोलाचं ठरलं, आणि लोकांना खुपलंही त्यासाठीच. 1993 साली कॅन्सस सिटीत त्याची प्रत जाळली. शेजारच्या ओलेथ गावात शाळांच्या ग्रंथालयांतून ते उचललं, तेव्हा विद्यार्थी आणि पालक कोर्टात गेले, आणि 1995मध्ये न्यायाधीशांनी ते पुस्तक कपाटात परत ठेवायला लावलं. शाळकरी मुलं एका प्रेमकथेसाठी कोर्टाची पायरी चढली, याचा विचार कर. त्यांना त्या पुस्तकात किती काय मिळालं असेल!

आपल्याकडे या वयाचं लेखन कमी आहे. कुमारांच्या पुस्तकांतली मुलं साहसं करतात, चोर पकडतात, पण कुणाच्या प्रेमात पडत नाहीत. मोठ्यांच्या कादंबऱ्यांत प्रेम असतं, पण तिथली माणसं 25च्या पुढची असतात. मधला पट्टा बराचसा मोकळा. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ 2004ला आली आणि एवढी वाचली गेली त्याचं कारण हेच, की नववीतल्या मुलाच्या मनातलं कुणीतरी त्याच्याच उंचीवर उभं राहून सांगितलं. तिथे प्रेम कुठे पोचत नाही, तरी मुकुंद मोठा झालेला असतो. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (2006) भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्या भाडेकरूच्या प्रेमात पडतात, आणि दोघांची निवेदनं वेगवेगळी येतात. एकाच घरातली ही दोन माणसं एकमेकांपासून किती काय लपवून ठेवतात, हे त्या रचनेतूनच कळतं. घरातल्या न बोलण्याची गोष्ट कशी लिहावी, हे बघण्यासाठी ती पुन्हा वाच. आणि तुझ्या वाचकांतली बरीच मुलं इंग्रजीतून अ‍ॅलिस ओसमन यांची ‘हार्टस्टॉपर’ ही चित्रकादंबरी वाचून, तिच्यावरची मालिका बघून तुझ्याकडे येणार आहेत. मायेने संपणारी गोष्ट त्यांना ठाऊक आहे. त्यांना ती आपल्या गल्लीत घडताना वाचायची आहे.

सून म्हणून पसंतीचा शेवट मला का नको, तेही सांगते. मराठीत कोड म्हटलं की पुढचा शब्द ‘लग्न’ येतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा 2006चा चित्रपट तू पाहिला नसशील तर जरूर बघ. कोड असलेली डॉक्टर मुलगी, तिला मागणी घालणारा सहकारी, आणि त्याच्या घरची माणसं. मला तो फार आवडतो. पण ती नायिका मोठी आहे, शिकून कमावती झालेली आहे. तुझी नायिका 17ची. तिच्यापुढे लग्नाचा प्रश्न नाहीच. वर्गात तिच्या बाकावर कोण बसतं, प्रॅक्टिकलला तिने धरलेली परीक्षानळी दुसरी मुलगी हातात घेते का, स्नेहसंमेलनाच्या फोटोत तिला कुठे उभं करतात, हे तिचे प्रश्न आहेत. सतराव्या वर्षीच्या स्वीकाराला लग्नाचा शिक्का लागला की ती गोष्ट मोठ्यांची होते, आणि ती मुलगी त्यात हरवते.

राहिलं कोड बरं होणं. तुझ्या बाराव्या प्रकरणात चार महिन्यांच्या उपचारात तिच्या बोटांना रंग परत येतो. हे खरं नाही. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रंगपेशींवर उलटते. तो संसर्ग नाही, स्पर्शाने लागत नाही. उपचार आहेत, मलमं आहेत, आठवड्यातून दोन-तीनदा घ्यायचा अतिनील किरणांचा उपचार आहे, पण तो कित्येक महिने चालतो. चेहऱ्याची त्वचा त्याला बरी दाद देते. ओठ आणि बोटांची टोकं मात्र फार चिवट. नेमक्या याच दोन जागा तू निवडल्या आहेस, म्हणजे तुझ्या नायिकेचं कोड बहुधा राहणार आहे. हे तू स्वतःशी पक्कं कर. ज्या मुलीला कोड आहे तिने ते प्रकरण वाचलं, तर दोन पानांत तिचा तुझ्यावरचा विश्वास उडेल. आणि नायिका बरी झाल्यावर लोकांनी तिला जवळ केलं, तर त्यांनी स्वीकारलं काय? नितळ कातडी.

आजीबद्दल मात्र तू फार सुंदर लिहिलं आहेस, आणि अर्ध्यावर सोडलं आहेस. आंबट नको, पांढरं नको म्हणून आजी तिचं दही बंद करते, ताकाची वाटी तिच्या पानावरून उचलते. डॉक्टरांनी असलं पथ्य सांगितलेलं नाही, पण घरोघर हे चालतं, तू बरोबर टिपलं आहेस. नायिका आजीवर चिडलेली. ठीक. पण त्याच अकराव्या प्रकरणात एक ओळ येऊन जाते. बायका जमायला लागल्या की आजी उठून आतल्या खोलीत जाऊन बसते. आजी विधवा आहे. तो करंडा तिच्यापुढेही येत नाही, आणि तिच्या बाबतीत तर ‘तूच लाव’ इतकंही कुणी म्हणत नाही. नायिका हळदीकुंकू संपल्यावर त्या खोलीत जाते असं तू लिहिलंस, आणि पुढच्याच ओळीत दुसऱ्या दिवसाचं कॉलेज सुरू केलंस. त्या खोलीत थांब. दोघी तिथे आहेत, एक 17ची, एक 70च्या पुढची, आणि बाहेरून बायकांचा आवाज येतो आहे. आजी काय करत असेल? वाती वळत असेल? उद्याच्या उसळीला मटकी निवडत असेल? तिला विचार. माझ्या मते तुझ्या कादंबरीतली सगळ्यात महत्त्वाची दहा पानं तिथे आहेत आणि ती अजून लिहून व्हायची आहेत.

आता तो मुलगा. तो फार चांगला आहे, आणि तीच अडचण आहे. स्कार्फ सुटतो, त्याला ओठ दिसतात, आणि तो पहिल्या क्षणापासून ‘मला काही फरक पडत नाही’ म्हणतो. सतरा-अठराचं पोर एवढं तयार नसतं. त्याला चुकू दे. कोड असलेल्या माणसाला भेटणारा प्रत्येक जण औषध सुचवतो. बसमधली अनोळखी बाईसुद्धा वैद्याचा पत्ता देते. तुझ्या मुलानेही कुठूनतरी लेपाची बाटली पैदा करावी, स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून, आणि मोठ्या प्रेमाने तिच्या हातात ठेवावी. त्याच्या दृष्टीने ती भेट. तिच्या दृष्टीने काय, ते मी सांगायला नको. खरं भांडण तिथे होईल, आणि त्या भांडणानंतर ते एकमेकांना ओळखायला लागतील.

आणि त्याच्या शर्टाचं काय केलंस? तिसऱ्या प्रकरणात तू लिहिलंस की त्याच्या शर्टाच्या बाहीवर पिवळा डाग असतो, तो धुऊन जात नाही, कारण त्याचे वडील मार्केट यार्डात हळदीची पोती वाहतात आणि सुट्टीच्या दिवशी हाही जातो. वडील हमाल आहेत हे तो कॉलेजात कुणाला सांगत नाही. म्हणजे तो पिवळा रंग लपवतो आणि ती पांढरा. अगं, सांगलीत राहणाऱ्या मुलीलाच हे सुचू शकतं! आणि तू ते त्या प्रकरणात टाकून पुढे विसरलीस. पूर्ण कादंबरीत तो डाग पुन्हा येत नाही. त्यालाही कुणीतरी स्वीकारायला हवं आहे, आणि ते तिने करायचं आहे. तिला ते सोपं जाणार नाही, कारण तिच्या घरात चैत्रगौर बसते आणि त्याच्या घरात बसत नाही. मराठी वाचक आडनाव वाचल्याशिवाय पुढे जात नाही. तू दोघांना आडनावंच दिलेली नाहीत. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तल्या शाळकरी पोराचं प्रेम जातीला वगळून सांगता आलं असतं का? दोघांना आडनावं दे, आणि तिच्या घरच्यांना मुलाबद्दल नेमकं काय खुपतं ते त्यांच्या तोंडून येऊ दे. त्याची भाषाही मार्केट यार्डातली कर. तो ‘जरा थांब ना’ म्हणणार नाही, ‘थांब की’ म्हणेल.

पुलावरचं प्रकरण उत्तम आहे. पाणी बघायला जमलेली गर्दी, फुटांचे आकडे मोठ्याने वाचणारी पोरं, भडंगाच्या पुड्या. पण तारखा सांभाळ. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली. तोपर्यंत सांगलीतली कितीतरी घरं पाण्याखाली होती. पाणी ‘बघायला’ जाण्याचे दिवस त्याच्या आधीचे. ओळख तेव्हाच होऊ दे, आणि नंतरचे आठ-दहा दिवस त्यांची भेट होऊ देऊ नकोस. तो कुठे असेल, त्याचं घर बुडालं असेल का, हे तिला कळू नये.

नायिका 17ची आहे, त्यामुळे शारीरिक जवळिकीचा तपशील नको. कायद्याने ती अजून लहान आहे, आणि कुठलाही जबाबदार संपादक तुला हेच सांगेल. तुझ्या गोष्टीला त्याची गरजही नाही. जिच्या हाताला लोक बिचकतात, तिचा हात कुणी नुसता धरला तरी वाचकाच्या अंगावर काटा येईल.

आता शेवट. तुझी गोष्ट बारावीच्या शेवटच्या पेपरला थांबते. म्हणजे मार्च 2020. त्यानंतर आठवड्याभरात काय झालं, आठवतं? टाळेबंदी लागली. तुमच्याच जिल्ह्यात इस्लामपूरला एका कुटुंबात रुग्ण सापडले आणि माणसं माणसांना हात लावायला घाबरू लागली. दुकानदार सुटे पैसे काउंटरवर ठेवून मागे सरकू लागले. जे या मुलीला रोजचं होतं, ते सगळ्या गावाच्या वाट्याला आलं. आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क चढले. आता तिला स्कार्फ बांधायला कारण सांगावं लागत नाही. लपणं फुकट झालं. वर्षभर तिने थोडं थोडं करून जे धैर्य जमवलं, त्याची परीक्षा इथे आहे, आणि तू कादंबरी तिच्या आदल्या आठवड्यात बंद केलीस.

त्या वर्षी पाडवा 25 मार्चला होता. दोन दिवसांनी चैत्रगौर बसली असेल. दरवर्षी त्या घरी पन्नास बायका येतात, या वर्षी एकही येणार नाही. आंबेडाळ आणि पन्हं घरच्यापुरतंच. काकू, आई, आजी आणि ही मुलगी. काकूच्या हातात करंडा, आणि लावायला दुसरं कुणीच नाही. काकू काय करते ते मी सांगणार नाही, ते तू लिहायचंस. फक्त त्या वेळी कुणीही बोलायचं नाही. नायिकेने उठून आजीला कुंकू लावलं, असं लिहायचा मोह तुला नक्की होईल. आजीला ते हवं आहे का, हे आधी आजीकडून काढून घे. कदाचित तिला फक्त बाहेरच्या खोलीत सगळ्यांबरोबर बसायचं असेल. आणि काकू बदलली तरी बाबांना बदलवू नकोस. ते अजून वर्षभर मुलाचं नाव घेणार नाहीत, तसंच राहू दे.

मुलाची आणि तिची शेवटची भेट अंतर राखून, दोघांच्या तोंडाला मास्क, अशीच होईल. ती मास्क खाली करते की नाही, हे तू पूर्ण मसुदा पुन्हा लिहीपर्यंत ठरवू नकोस. तिथे पोचलीस की तुला तिच्याकडूनच कळेल.

कामाला लागताना शेवटापासून सुरू करू नकोस. आधी तिसऱ्या प्रकरणातला तो पिवळ्या बाहीचा शर्ट घे आणि तो कुठे कुठे पुन्हा दिसतो ते लिही. मग आजीची खोली. ती दहा पानं झाली की मला पाठव.